बोटॉक्सची कुपी तुमच्यासमोर उघडायला लावा

माझ्या आत्याला ब्लेफरोस्पाझम आहे. डोळे आपोआप घट्ट मिटतात आणि उघडता उघडत नाहीत. रस्ता ओलांडताना असं झालं तर, या धास्तीने तिने घराबाहेर पडणंच सोडलं होतं. न्यूरॉलॉजिस्टने बोटॉक्स सुरू केलं आणि ती पुन्हा एकटी भाजीला जाऊ लागली. लोकांना हे इंजेक्शन सुरकुत्यांचं वाटतं, पण अमेरिकेत 1989 मध्ये त्याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि आत्याच्या याच आजारासाठी. सुरकुत्यांची मान्यता 2002 ची.

असर साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावं लागतं. औषध महाग आहे आणि गरज संपत नाही. फसवणाऱ्यांना आणखी काय हवं?

आमचे डॉक्टर परगावी असताना एका कॉस्मेटिक क्लिनिकने 'तेच ओरिजिनल, निम्म्या दरात' असं सांगून पैसे आगाऊ घेतले. आत्याला खुर्चीत बसवलं आणि ट्रेमधली आधीच भरून ठेवलेली सिरिंज उचलली.

"डॉक्टर, कुपी दाखवता का?"

"आत फ्रीजमध्ये आहे हो. काळजी करू नका."

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे हे कसं होतं ते मी जवळून पाहिलंय. कुपी फ्रीजमधून, समोर येते. आत औषध आहे असं वाटतच नाही, तळाशी जेमतेम पांढुरका थर असतो. सलाइनची सुई रबरातून आत गेली की कुपीतल्या निर्वातामुळे सलाइन आपोआप आत ओढलं जातं. ओढलं गेलं नाही तर ती कुपी वापरायची नाही. किती युनिट दिले आणि बॅच नंबर काय, हे केसपेपरवर लिहितात. हे युनिटही कंपनीगणिक वेगळे असतात. एका ब्रँडचे 100 म्हणजे दुसऱ्याचे 100 नव्हेत.

एरवी आठवडाभरात फरक दिसायचा. या वेळी दोन आठवडे उलटले तरी डोळे मिटतच होते. क्लिनिक म्हणालं, "शरीराने नीट घेतलं नाही, टच-अप करू," आणि त्याचे वेगळे पैसे सांगितले. मी कुपी आणि खोका मागितला. बरीच टाळाटाळ करून दाखवला, तर खोक्यावर एक बॅच नंबर आणि कुपीवर भलताच. बिलावर औषधाचं नाव नाही, युनिट नाहीत, नुसतं 'आय पॅकेज'.

सिरिंजमध्ये काय होतं ते आम्हाला आजही माहीत नाही. नुसतं पाणी असेल तर आत्या थोडक्यात वाचली. 2004 मध्ये फ्लोरिडात प्रयोगशाळेसाठीचं, माणसांना द्यायला मनाई असलेलं विष बोटॉक्सच्या नावाखाली टोचलं गेलं आणि चार जण लुळे पडून व्हेंटिलेटरवर गेले. 2024 मध्येही अमेरिकेच्या अनेक राज्यांत बनावट इंजेक्शनांनी लोक आजारी पडले. खरं बोटॉक्स म्हणजेही हेच विष, फक्त अगदी सूक्ष्म मात्रेत. ते नसेचा स्नायूला जाणारा निरोप अडवतं. योग्य जागी मोजून दिलं तर तोच इलाज, शरीरभर पसरलं तर गिळणं आणि श्वास दोन्ही धोक्यात. इंजेक्शननंतर पापणी थोडी खाली येणं बहुधा काही आठवड्यांत आपसूक सुधारतं. पण गिळताना ठसका, बोबडं बोलणं, एकाचे दोन दिसणं, मान न धरवणं किंवा दम लागणं, यातलं काहीही झालं तर त्या क्लिनिकला फोन करत बसू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. लक्षणं काही तासांत दिसू शकतात, तशी काही आठवड्यांनीही. अँटिटॉक्सिन, म्हणजे या विषावरचा उतारा, पुढचं नुकसान रोखतं, झालेला लकवा मागे फिरवत नाही, म्हणून तिथे प्रत्येक तास मोलाचा.

खोका, कुपी आणि बिलाचे फोटो जोडून आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे, आणि डॉक्टरच्या नोंदणीची चौकशी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे केली आहे. पैशांसाठी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. त्या क्लिनिकची जाहिरात अजून सुरू आहे, म्हणून हे लिहिलं.