मिनरल की सिंथेटिक? डिझेल ट्रकमधला कार्बन

इंजिनात कार्बन धरतोय म्हणून महागडं सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं) इंजिन ऑइल घालावं का, असं एका ट्रकमालकाने विचारलं.

खर्चात मिनरल (कच्च्या तेलापासून शुद्ध केलेलं साधं ऑइल) सरस, पण ते लवकर बदलावं लागतं.

कार्बनचं म्हणाल तर सिंथेटिक उष्णतेत कमी उडतं, त्यामुळे पिस्टन रिंगांच्या खाचांत थर कमी बसतो. ईजीआर व्हॉल्व्हवरची (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेवरची) काजळी मात्र मुख्यतः धुरातून येते. ती कुठलंच ऑइल धुऊन काढत नाही. म्हणून आधी इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) तपासा, ही कळकळीची विनंती!

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) असेल तर ऑइलमधली राख बघा. काजळी जळते, ऑइलची राख अडकून राहते. सीके-४ या डिझेल इंजिन ऑइलच्या दर्जात सल्फेटेड राख (ऑइल जळल्यावर मागे उरणारी राख) १ टक्क्याच्या आत असते.

जुनं, डीपीएफ नसलेलं इंजिन असेल तर मिनरल वेळेवर बदला. लांब पल्ला, जड माल, डीपीएफ असेल तर कंपनीने सांगितलेल्या दर्जाचं कमी राखेचं सिंथेटिक घ्या.