केशरी कूलरचा मॅश टन: पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. घरी बीअर करताना माल्टचं (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेक बार्ली) तयार सिरप सोडून आख्ख्या माल्टपासून करायची असेल, म्हणजे ऑल-ग्रेन, तर 10 गॅलनचा गोल ड्रिंक कूलर घ्या आणि त्याला स्वतः व्हॉल्व्ह बसवा, पैसे वसूल आहे. तोच कूलर आधीच नळ आणि जाळी बसवून 'मॅश टन' (माल्ट गरम पाण्यात भिजवायचं भांडं) या नावाने दीडशे डॉलरच्या पुढे विकतात तो घेऊ नका, कारण वरच्या पैशांत जे काम करून मिळतं ते म्हणजे एक नट सोडवणं आणि एक नट आवळणं. त्याला इंजिनियर नवरा लागत नाही. माझ्याकडे आहे, पण तो आवळून आवळून गॅस्केट चेपतो म्हणून त्याला फक्त पाणी उचलायला ठेवलाय.

आम्ही मिशिगनला राहतो, डेट्रॉइटच्या बाहेर. इकडे हा कूलर सगळ्यांनी पाहिलेला असतो, बांधकामाच्या साइटवर नाहीतर मुलांच्या फुटबॉल मॅचला मैदानाकडेला ठेवलेला केशरी ड्रम, खाली बटण दाबायची प्लास्टिकची तोटी. इग्लूचा मिळतो, रबरमेडचा मिळतो, होम डेपोत साधारण साठ-सत्तर डॉलरच्या आसपास.

आता यात बीअर कशी होते ते थोडक्यात. भरडलेलं माल्ट गरम पाण्यात तासभर भिजवायचं, त्याला मॅश म्हणतात, दिसायला घट्ट पेजेसारखं. पाणी 148 ते 158 फॅरनहाइट म्हणजे साधारण 64 ते 70 सेल्सिअसमध्ये राहिलं पाहिजे (पुढे सगळीकडे डिग्री म्हणजे फॅरनहाइट), कारण माल्टमधली एन्झाइम्स तेवढ्यातच स्टार्चची साखर करतात. त्यातही खालच्या बाजूला, 149 वगैरे ठेवलं तर यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त होते आणि बीअर कोरडी, हलकी होते, 156 ला ठेवलं तर जिभेला भरीव लागते. म्हणजे पाच-सात डिग्रीत बीअरचा स्वभाव बदलतो, आणि शेगडीवरच्या पातेल्यात हे सांभाळायचं म्हणजे तासभर तिथेच उभं राहून गॅस कमी-जास्त करत बसायचं, तळाला गरम वर गार. कूलरचं कामच उष्णता अडवणं, मग ती आत येणारी असो की बाहेर जाणारी. झाकण लावून जुनं ब्लँकेट गुंडाळलं की तासाभरात एखाद-दोन डिग्री उतरतं, बास. तेवढ्यात जेवून घ्या.

सामानाचं सांगते. मूळची तोटी आतून प्लास्टिकच्या नटने धरलेली असते, ती सोडवली की भोक तयारच असतं, ड्रिल मारावं लागत नाही. त्या भोकातून अर्ध्या इंचाचं निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा पाइप), आतून-बाहेरून वॉशर, आतल्या बाजूला जाड सिलिकॉनची ओ-रिंग, बाहेर बॉल व्हॉल्व्ह, आट्यांना टेफलॉन टेप. पितळेचा व्हॉल्व्ह स्वस्त पडतो आणि चालतो, फक्त मशीनिंग करताना पृष्ठभागावर शिसं राहिलेलं असू शकतं, ते काढायला दोन भाग व्हिनेगर आणि एक भाग मेडिकलवाल्याकडचं 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचं, लोण्यासारखा पिवळा रंग आला की काढायचं. द्रावण हिरवं व्हायला लागलं म्हणजे जास्त वेळ ठेवलंत. हा खटाटोप नको असेल तर सरळ स्टेनलेस घ्या.

मी सुरुवातीला एका ऑनलाइन दुकानातून कन्व्हर्जन किट मागवलं होतं, नाव घेत नाही, त्यातली गॅस्केट इतकी पातळ होती की गार पाण्यात थेंब नाही आणि गरम पाणी ओतलं की टपटप सुरू. म्हणून टेस्ट गार पाण्याने करून समाधान मानू नका, 165 डिग्रीचं पाणी भरून अर्धा तास ठेवा, प्लास्टिक गरम होऊन थोडं मऊ पडतं तेव्हाच खरी गळती कळते. बाहेर गळलेलं पुसता येतं हो, पण दोन भिंतींच्या मधल्या फोममध्ये वॉर्ट, म्हणजे मॅशमधून निघणारं गोड पाणी, शिरलं की ते तिथे आंबतं आणि मग तो वास आयुष्यभर.

आत गाळायला काय लावायचं यावर लोक तासन्‌तास भांडतात. भोकांची स्टीलची थाळी, म्हणजे फॉल्स बॉटम, चांगली असते पण महाग, आणि व्यासाला नीट बसली नाही तर कडेने दाणे खाली जातात. मला आवडली ती जुगाडू पद्धत, बेसिनखाली नळाला जोडतात त्या लवचिक पाइपवरची स्टेनलेसची विणलेली जाळी. दोन्ही टोकं कापायची, आतला प्लास्टिकचा पाइप ओढून काढायचा, जाळीचं एक टोक दुमडून चेपून बंद, दुसरं क्लिपने व्हॉल्व्हला. ही पद्धत ऑरेगनच्या डेनी कॉन या घरी बीअर करणाऱ्या गृहस्थांमुळे इकडे घरोघरी पोचली, आणि दहा डॉलरच्या आत काम होतं. एकच काळजी, हल्ली बरेच पाइप दिसायला चंदेरी पण वीण प्लास्टिकची असते, लेबल वाचून घ्या. जाळी गरम मॅशच्या वजनाने चपटी होते म्हणून आत तांब्याच्या तारेची स्प्रिंग करून घातली की निश्चिंत.

साइज. पाच गॅलनचा कूलर स्वस्त आणि सुटसुटीत वाटतो पण माझ्या मते घेऊ नये, आणि हे हिशोबाने सांगते. माझी नेहमीची बीअर म्हणजे फक्त सेंटेनियल जातीच्या हॉप्सची (बीअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आयपीए, म्हणजे कडवट बीअर, इथल्या बेल्स कंपनीच्या टू हार्टेड या बीअरच्या वळणाची (त्या कंपनीचा संस्थापक लॅरी बेलसुद्धा 1983 ला कॅलमझूत आधी घरी बीअर करणाऱ्यांना सामान विकायचा, स्वतःची बीअर विकायला लागला 1985 ला). तिला पाच गॅलनसाठी 13 पाउंड, म्हणजे सहा किलोच्या जवळपास माल्ट लागतं. पाउंडाला सव्वा क्वार्ट (क्वार्ट म्हणजे पाव गॅलन) पाणी धरलं तर 4 गॅलन पाणी, आणि प्रत्येक पाउंड माल्ट स्वतः 0.08 गॅलन जागा खातं, म्हणजे अजून एक गॅलन. झाले पाच, झाकण लावायच्या आत काठोकाठ, ढवळायचं कुठे? दहा गॅलनच्यात आरामात बसतं. उलट बाजू अशी की दहाच्यात हलक्या बीअरसाठी सात-आठ पाउंडच घातले तर वर रिकामी हवा जास्त आणि उष्णता जरा लवकर जाते.

याच बीअरचा पुढचा हिशोब. माल्ट 65 डिग्रीचं, मॅश हवा 150 ला, तर पाणी 164 च्या आसपास ओतायचं. पण गार कूलरच स्वतः बरीच उष्णता पितो, आमच्या जानेवारीतल्या गॅरेजमध्ये तर विचारू नका, म्हणून आधी दोन गॅलन कडक पाणी आत दहा मिनिटं ठेवून फेकायचं आणि मग खरं पाणी. कडक म्हणजे उकळतं नव्हे, उकळत्या पाण्याने आतलं अस्तर फुगून वेडंवाकडं होऊ शकतं, शेवटी ही वस्तू सरबतासाठी बनवलेली आहे आणि कंपन्यांनी हे गार पेयांपुरतंच धरलेलं असतं, ते लक्षात ठेवून जे काय करायचं ते करा. तासाभराने व्हॉल्व्ह अगदी हळू उघडायचा, पहिलं लिटर-दोन लिटर गढूळ येतं ते परत वरून ओतायचं, स्वच्छ यायला लागलं की पातेल्यात. माल्ट दीड गॅलनच्या वर पाणी धरून ठेवतं, म्हणून चार ओतले तरी पहिल्यांदा सव्वादोन-अडीचच मिळतात. मग अजून चार गॅलन गरम पाणी घालून ढवळायचं, परत काढायचं, झाले उकळायला साडेसहा. मॅश 170 च्या वर जाऊ द्यायचा नाही, तुरटपणा उतरायची भीती असते. अशा पद्धतीने 70-75 टक्के साखर निघाली तरी खूश राहावं, त्याहून कमी येत असेल तर कूलरला शिव्या देण्याआधी माल्ट किती बारीक भरडलंय ते बघा.

अडकणं हा एक वैताग आहे. अर्धा गहू असलेली बीअर केली की वॉर्ट खाली यायचंच थांबतं, कारण गव्हाला टरफल नसतं आणि सगळ्याचा लगदा बसतो. उपाय म्हणजे भाताचा तूस, होमब्रू दुकानात राइस हल्स म्हणून पिशवीत विकतात. आपल्याकडे गिरणीबाहेर ढीग पडलेला असतो आणि इथे पाउंडावर पैसे मोजून घेते, आजीला सांगितलं तर खुळी म्हणेल.

न आवडलेलं: मध्येच तापमान वाढवता येत नाही. खाली जाळ लावायची सोय नाही, त्यामुळे टप्प्याटप्प्याने मॅश करायचा असेल तर उकळतं पाणी मोजून घालत बसा. बऱ्याच कूलरची झाकणं आतून पोकळ असतात, त्यात भोक पाडून फोम भरावा लागतो. मूळ किंमत कमी वाटते पण व्हॉल्व्ह, सिलिकॉनची नळी (साधी व्हिनाइलची गरम वॉर्टने मऊ पडते) आणि चांगला थर्मामीटर धरला की शंभराच्या पुढे जातंच. थर्मामीटरवर कंजूसपणा नको, बाकी सगळं जुगाड चालेल.

फ्लॅटमध्ये राहत असाल, जागा नसेल, तर कापडी पिशवीत माल्ट घालून पातेल्यातच मॅश करतात ती ऑस्ट्रेलियातून आलेली पद्धत अजून स्वस्त आहे, मात्र सहा किलो माल्टची ओली गरम पिशवी उचलायला पाठ मजबूत हवी. ग्रेनफादर, अॅनव्हिल फाउंड्रीसारखी विजेची यंत्रं सुंदर आहेत, पण किंमत कित्येक पट.

पुण्या-मुंबईतल्या मित्रमंडळींसाठी: इकडे 1978 च्या कायद्याने, 1979 पासून, घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला 200 गॅलनपर्यंत स्वतःसाठी करता येते, विकायची नाही. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे, लायसन्सशिवाय घरी करणं गुन्हा आहे, तेव्हा वाचून सोडून द्या आणि डूलाली या बीअर पबमध्ये जाऊन प्या. इकडे असाल आणि घेणार असाल तर आधी तोटीचं भोक आणि निपलची लांबी मोजा, भिंत जाड असली तर तोकडं निपल पलीकडे पोचतच नाही आणि दुकानात परत फेरी होते.