म्हापशाच्या बाजारातलं आगळ: चव एक नंबर, पण वजन कमी करायला घेऊ नका

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बायका सोलां (कोकमाची सुकवलेली सालं), आगळ (कोकमाचा खारवलेला रस), तिरफळं (माशाच्या कालवणातला मसाला) घेऊन बसतात ना, त्यातल्याच एकीकडून आणलेल्या आगळाबद्दल लिहितेय. घरात त्याच वेळी एका ब्रँडची कोकमाची बाटली पण होती, नाव घेत नाही, पण तुलना झालीच.

बाजारातलं आगळ म्हणजे रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं आणि मीठ, बास. साखर नाही, कलर नाही. दिसायला काळपट, पण ग्लासात थोडं घालून वर पाणी ओतलं की असला मस्त जांभळट लाल रंग येतो की बघत राहावं. तळाला गर बसतो, तो खराब नाही, बाटली हलवून घ्यायची. खारट मात्र जबरदस्त असतं, विकणारीनेच सांगितलं, "मीठ चड आसा, चाखून पळय" (मीठ जास्त आहे, चाखून बघ). सोलकढीला आधी आगळ घालून चव बघा आणि मगच मीठ घालायचं की नाही ते ठरवा. आणि एकदा नारळाच्या दुधात घातलं की गरम करू नका, फुटतं. बांगड्याच्या हुमणाला (नारळातल्या कालवणाला) मात्र मी सोलांच वापरते, तिरफळांबरोबर तीच बरी लागतात.

आता ब्रँडची बाटली. पुढे मोठ्या अक्षरात 'चरबी वितळवते' आणि मागे बारीक अक्षरात घटकांत पहिलीच साखर! म्हणजे ते सरबताचं सिरप झालं. असलं लिहून विकतात याचा मला खरंच राग येतो, कारण आमच्याकडे डायबेटिस असलेली माणसं ते औषध समजून पितात.

हा दावा अगदी हवेतून आलेला नाही हेही खरं. कोकमात हायड्रॉक्सीसिट्रिक अॅसिड असतं, एचसीए म्हणतात ते. कोकमाचाच भाऊबंद म्हणजे केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी, गार्सिनिया कंबोजिया, तिच्यातलं मुख्य आम्ल हेच आहे असं म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेच्या संशोधकांनी 1965 मध्ये दाखवलं. जेवणातल्या जादा पिष्ट-साखरेची शरीर चरबी बनवतं तेव्हा एटीपी सायट्रेट लायेज नावाचं एन्झाइम लागतं, आणि एचसीए नेमकं त्यालाच अडवतं. उंदरांमध्ये चरबी बनणं कमी झालेलं दिसलं, खाणं पण कमी झालं, त्यावरून कॅप्सूलचा सगळा धंदा उभा राहिला.

पण माणसात तसं होताना दिसत नाही. 1998 मध्ये अमेरिकेत 135 जाड्या लोकांवर 12 आठवडे चाचणी झाली, अर्ध्यांना रोज 1500 मिलिग्रॅम एचसीए, बाकीच्यांना नुसत्या खोट्या गोळ्या. दोन्हीकडे वजन कमी झालं कारण डाएट सगळ्यांनाच होतं, एचसीएवाल्यांचं काही जास्त उतरलं नाही. आणि आपल्या अंगावर साठते ती बरीचशी चरबी थेट खाल्लेल्या तेला-तुपातूनच येते, साखरेपासून नव्याने बनते ती रोजच्या साध्या जेवणात तशी थोडीच, मग ते एन्झाइम अडवून कितीसा फरक पडणार.

कॅप्सूलबद्दल तर हात जोडून सांगते, नका घेऊ. गार्सिनियाच्या गोळ्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, काहींना तर लिव्हर बदलावं लागलंय. कढीतल्या चार सोलांची गोष्ट वेगळी, ती पिढ्यान् पिढ्या जेवणात आहेत आणि तेवढीच जातात.

तर बाजारातल्या आगळाला माझ्याकडून पैकीच्या पैकी, चवीसाठी. दुपारी उन्हातून आल्यावर थंड पाणी, थोडं आगळ, जिरेपूड, आणि साखर घातलीच नाही तर सॉफ्टड्रिंकच्या जागी हे पिणं कधीही चांगलं, फायदा असला तर तिथे आहे. बीपीवाल्यांनी मात्र मिठामुळे जपून, त्यांना सोलां भिजवून केलेलं पाणी बरं, तेही बिनमिठाची सोलां मिळाली तर.

घ्यायचं असेल तर पावसाआधी जा, मे महिन्यात नवा माल येतो. सोलां दाबून बघा, नवीन असली की मऊ आणि किंचित चिकट लागतात, जुनी कडक आणि काळी पडलेली असतात. आगळ प्लास्टिकच्या बाटलीत मिळतं, घरी आणलं की काचेच्या बाटलीत ओता आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यात चुकूनही ठेवू नका.