संयुक्त राष्ट्रांची लोकसंख्या आकडेवारी: वयाचा हिशेब चोख, वाढीचा अर्धाच

संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाची ‘वर्ल्ड पॉप्युलेशन प्रॉस्पेक्ट्स’ ही आकडेवारी फुकट आहे. २०२४ च्या आवृत्तीत २३७ देश आणि प्रदेश, १९५० ते २०२३ चे अंदाज आणि पुढे २१०० पर्यंतची प्रक्षेपणं मिळतात. विकसनशील देशाची आर्थिक वाढ लोकसंख्येशी ताडून पाहायची, तर एकूण लोकसंख्येच्या तक्त्यात रमू नका. खरा माल वयोगटांच्या फायलींत आहे.

त्यातून १५ ते ६४ वयाच्या लोकांचा वाटा काढा. समजा तो २० वर्षांत ६० वरून ६६ टक्क्यांवर गेला. ६६ भागिले ६० चा नैसर्गिक लॉग घेऊन २० ने भागला, की उत्तर येतं वर्षाला साधारण ०.४८ टक्के. दरडोई उत्पन्नाच्या वाढीत वयरचनेचा थेट हात एवढाच. त्या वयातले किती जण खरोखर कामावर आहेत आणि दर कामगारामागे उत्पादन किती, यावर बाकीची वाढ ठरते, आणि नेमकं तेच इथे नाही. रोजगारासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं ‘आयएलओस्टॅट’ उघडावं लागतं. तिथले बरेच तक्ते ‘१५ आणि त्यावरील’ वयाचे असतात. ते १५-६४ च्या आकड्याला जोडले की गणित बिघडलंच.

प्रक्षेपणं जननदराच्या वेगवेगळ्या गृहीतकांवर ‘लो’ (कमी), मध्यम आणि ‘हाय’ (जास्त) अशा प्रकारांत मिळतात. सगळ्यात जास्त फसगत ‘लो’ प्रकारात होते. यात जननदर, म्हणजे दर स्त्रीमागची मुलं, मध्यम प्रकाराहून बहुतांश काळ ०.५ मुलाने कमी धरलेला असतो. तो निवडताच कामकरी वयाचा वाटा वधारतो आणि अहवाल लिहिणारे हरखतात. पण आज न जन्मलेलं मूल १५ वर्षांनीच कामाच्या वयात आलं असतं. तोवर कामकऱ्यांची संख्या तीच, फक्त भाजक, म्हणजे एकूण लोकसंख्या, लहान. मुलांवरचा वाचलेला खर्च बचतीत किंवा शिक्षणात गेला, तरच पुढे फायदा. शिवाय ‘हाय’ आणि ‘लो’ या शक्यतेच्या मर्यादा नव्हेत. त्यासाठी ८० आणि ९५ टक्के संभाव्यतेचे पट्टे वेगळे दिलेत, तेच वापरा.

मांडणी मात्र वैतागवाणी. एक्सेलमध्ये रकान्यांच्या नावांआधी १६ ओळी वगळाव्या लागतात. आकडे हजारांत, तर जागतिक बँकेचे पूर्ण संख्येत. दर आवृत्तीत १९५० पासूनचा इतिहासही नव्याने मांडला जातो, म्हणून जुनी फाईल नवीला जोडू नये. जनगणना रखडलेल्या देशाचे अलीकडचे ‘अंदाज’ही मॉडेलमधूनच आलेले असतात. मजूर परदेशी जाणाऱ्या देशासाठी शून्य-स्थलांतराचा प्रकार शेजारी ठेवून पाहा. फरक डोळ्यांत भरतो.