गाय उलटतेय: सेलेनियमची सुई, की रोजचे खनिज मिश्रण?

विल्यानंतर वार (गर्भाची झार) अडकते, गर्भाशयात पू होतो आणि पुढे रेतन करूनही गाय उलटत राहते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. अशा गोठ्यात डॉक्टर हल्ली ऑक्सिडेटिव्ह ताणाचे नाव काढतात. विण्याच्या आसपास जनावराचे खाणे घटते, दुधासाठी अंगावरची चरबी झिजते आणि या धकाधकीत तयार होणारे मुक्त कण पेशींना इजा करतात. त्यांना आवरणारी विकरे (एन्झाइम) सेलेनियम, तांबे, जस्त, मँगनीजवर चालतात. पेशीचे आवरण जीवनसत्त्व ई राखते.

सेलेनियम आणि ‘ई’ एकत्र असलेली सुई विण्याआधी साधारण तीन आठवडे देतात. सेलेनियमची कमतरता असेल तिथे वार अडकण्याचे प्रमाण त्याने खरोखर घटते. पण बाटलीवर ‘ई’ ठळक छापलेले असले, तरी सुईतून मिळते ते थोडेच. आटवलेल्या (विण्याआधी दूध काढणे थांबवलेल्या) गाईला ‘ई’ रोज साधारण १००० एकक लागते. शिवाय सेलेनियमची गरज किलो कोरड्या चाऱ्यामागे ०.३ मिलिग्रॅम, आणि ५ मिलिग्रॅमच्या आसपास दीर्घकाळ गेले तर ते विष. पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागात मातीतच ते जास्त असल्याने जनावरांना विषबाधा झालेली आहे. त्यामुळे ही सुई मेडिकलमधून आणून स्वतः टोचू नका.

खनिज मिश्रण सावकाश काम करते. बीजांड पक्व व्हायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून गाय उलटल्यावर मिश्रणाची पिशवी आणणे म्हणजे उशीरच. आटवतानाच सुरू करायचे, मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅमच्या आसपास. पिशवीवर सेलेनियम लिहिलेले आहे का, ते मात्र वाचा.

मिश्रणातून ‘ई’ची भरपाई होईलच असे नाही. ते ताज्या लसूणघासात भरपूर, कडब्यात वाळताना बरेच उडून गेलेले. (उसाचे वाढे हिरवे दिसतात, पण त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवते, त्यांना मी हिरव्या चाऱ्यात धरत नाही.)

वर्षभर हिरवा चारा असेल तर मी मिश्रणावरच थांबेन. कडब्यावरची गाय उन्हाळ्यात विणार असेल, तर मिश्रणासोबत डॉक्टरांकडून सुई, आणि ‘ई’ खुराकातून. तेही बेताने: नेदरलँड्समधल्या २०१० च्या एका अभ्यासात आटवलेल्या गाईंना रोज ३००० एकक दिल्यावर स्तनदाह उलट वाढला.

म्हशीचा मुका (बाहेरून लक्षणे न दिसणारा) माज हुकत असेल किंवा रेतनाची वेळ चुकत असेल, तर यातले काहीच उपयोगाचे नाही. पैसे घालण्याआधी गर्भाशय तपासून घ्या.