बेहरिंगर एचडी ४००: बेसचा कोणता हम जातो, कोणता जात नाही

निकाल आधीच सांगून टाकतो. बेस गिटार वाजवताना स्पीकरमधून सतत घूं येते, तिला हम म्हणतात. त्यातला ग्राउंड लूपमुळे, म्हणजे दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे, येणारा हम ही डबी खरोखर घालवते. बाकीचा एकही हम ती घालवत नाही. गणपती तोंडावर आले की ऑर्केस्ट्रावाले ‘हम जायचं काहीतरी द्या की ओ’ म्हणत दुकानात शिरतात, आणि नावातच ‘हम डिस्ट्रॉयर’ असलेली वस्तू हातात घेऊन बाहेर पडतात. घरी जाऊन बेस तिच्यात लावला की हम तिथेच, वर आवाजही मंद. दोष डबीचा नाही, ती चुकीच्या जागी लागलेली असते.

वस्तू साधी आहे. दोन चॅनेल, प्रत्येकाला पाव इंची जॅकचं एक इन आणि एक आउट, आत ट्रान्सफॉर्मर. अडॉप्टर लागत नाही, सेल लागत नाही. सिग्नल ट्रान्सफॉर्मरमधून चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो आणि दोन्ही बाजूंच्या केबलच्या शील्डचा (बाहेरच्या जाळीचा) एकमेकींशी तारेचा संबंध उरत नाही. दोन उपकरणं दोन वेगळ्या ठिकाणी अर्थ झालेली असतील तर त्या दोन अर्थांमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतो, त्यामुळे केबलच्या शील्डमधून करंट फिरतो आणि तोच हम म्हणून ऐकू येतो. डबी हा रस्ता तोडते. तिचं काम इतकंच.

म्हणून पैसे टाकण्याआधी हम कुठला ते शोधा. दहा मिनिटांचं काम आहे.

अँपला काहीही न जोडता चालू करा आणि व्हॉल्यूम वाढवा. तरीही घूं येत असेल तर दोष अँपमध्ये किंवा त्याच्या सप्लायमध्ये आहे. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही हम तेवढाच राहिला तर तो पॉवर स्टेजचा. जुन्या अँपमध्ये बहुतेकदा सप्लायचे फिल्टर कपॅसिटर सुकलेले निघतात. हा हम १०० हर्ट्झचा असतो, कारण रेक्टिफायर लाइनचे ५० दुप्पट करतो. कपॅसिटर बदलणं जाणकाराचंच काम. ट्यूब अँप असेल तर प्लग काढल्यावरही आत काहीशे व्होल्ट साठून राहतात, तिथे हात घालू नका.

अँप शांत असेल तर केबल लावा, बेस नको. मोकळ्या टोकाला घूं येणारच, ती केबल अँटेना झालेली असते. त्या टोकाच्या प्लगची टिप (टोक) आणि स्लीव्ह (मागची नळी) तारेच्या तुकड्याने शॉर्ट करा. आवाज पूर्ण बंद व्हायला हवा. झाला नाही तर केबलची जाळी तुटलेली आहे, नाहीतर अँपचा इनपुट जॅक सैल आहे. प्लगचं टोपण उघडून बघा. जाळी एका-दोन केसांवर लोंबकळत असते किंवा सोल्डर वरून चकचकीत दिसूनही आत धरलेलं नसतं. नवा डाग द्यायला पाच मिनिटं लागतात.

आता बेस लावा आणि त्याचा व्हॉल्यूम शून्य करा. हम गेला तर तो पिकअप (तारांखालचं चुंबकावरचं वेटोळं) किंवा आतल्या वायरिंगमधून येत होता. मग व्हॉल्यूम वाढवून तारांना हात लावा. हात लावल्यावर हम कमी झाला तर ब्रिजची (तारा अडकवलेल्या धातूच्या पट्टीची) ग्राउंड तार शाबूत आहे, फक्त शील्डिंग कमी पडतंय. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजखालची तार बहुधा तुटलेली. मल्टिमीटरने ब्रिज ते जॅकची स्लीव्ह मोजा, एक ओहमच्या आसपास यायला हवं. आणि हात लावल्यावर हम वाढला तर दोन शक्यता: जॅकवर गरम (सिग्नलची) आणि ग्राउंड तारा उलट्या लागल्यात, किंवा अँपला अर्थिंगच मिळत नाही.

आमच्या सोलापुरात दुसरी शक्यता आधी तपासावी. थ्री पिन सॉकेट दिसतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नसते, असे बोर्ड जुन्या वाड्यांत आणि तात्पुरत्या मंडपांत कमी नाहीत. मल्टिमीटर एसीवर लावा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थ निम्मं किंवा काहीतरी विचित्र दाखवलं तर अर्थ अधांतरी आहे, वायरमनला बोलवा. अर्थचा खड्डा असूनही उन्हाळ्यात सुकतो. पारा चाळिशी ओलांडलेली, पाऊस मुळात बेताचा, मग मीठ-कोळशाच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावंच लागतं. मात्र ते सुरक्षेसाठी. अर्थ सुधारला म्हणून लूपचा हम जात नाही, कारण अर्थ कितीही चांगले असले तरी एकाच्या जागी दोन असले की लूप होतोच.

आणखी एक परीक्षा राहिली. बेस गळ्यात घालून जागच्या जागी वळा. एका कोनात हम गळून पडत असेल आणि दुसऱ्यात उसळत असेल, तर सिंगल कॉइल पिकअप अँपच्या किंवा अडॉप्टरच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय. जॅझ बेसचा हा जुना स्वभाव. त्याचे दोन पिकअप उलटे गुंडाळलेले असतात, दोन्ही व्हॉल्यूम सारखे असले की हम एकमेकांना खोडतो. एक जरा कमी केला की परत येतो. प्रिसिजन बेसवर १९५७ पासून स्प्लिट कॉइल आहे, तिथे हा त्रास मुळातच कमी. बेसच्या आतल्या पोकळीत शील्डिंगसाठी कॉपर टेप लावून हा चुंबकीय हम जात नाही. टेप घालवते ती किरकिर: डिमरची, एलईडी माळांची, स्वस्त चार्जरची. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या भिंतीला भिंत लावून सराव असेल तर मोटरी चालू-बंद होतानाची कटकट हवेतून येते तेवढी टेपने कमी होईल. लाइनमधून आलेलीला तिचा उपयोग नाही. टेप लावायचीच असेल तर चिकट बाजूही करंट नेणारी घ्या, कडा एकमेकींवर चढवा, सांध्यांवर सोल्डरचा ठिपका द्या, आणि जॅकचा गरम पाय टेपला टेकत नाही ना ते बघा. टेकला तर बेस मुका होतो.

इथवर कुठेच हम सापडला नाही, एकटा अँप आणि बेस शांत आहेत, आणि अँपची लाइन मिक्सरला किंवा लॅपटॉपला जोडताक्षणी घूं सुरू होते? मग हा लूप, आणि इथे एचडी ४०० कामाची. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा; काढला की आवाज गेला तर खात्रीच झाली.

तेवढ्यावरही आधी फुकटचे उपाय. अँप, मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावरून चालवा. दोनशे-तीनशे वॉटचा अँप, छोटा मिक्सर आणि लॅपटॉप मिळून सहा अँपिअरच्या सॉकेटला जड नाहीत. लाइट मात्र दुसऱ्या फेजवर. अँपच्या मागे एक्सएलआर (तीन पिनांचं) आउट असेल तर शेजारी ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे त्या आउटचा ग्राउंड तोडण्याचं, बटण बहुतेकदा असतंच. ते दाबून बेसचा हम गेला तर बेससाठी डबीची गरजच नाही. थ्री पिनची अर्थ पिन तोडणं किंवा तिला टेप गुंडाळणं हा उपाय नव्हे. हम जातो, पण अँपमध्ये फॉल्ट झाला की २३० व्होल्ट तारांवर येतात आणि समोरच्या माइकला ओठ टेकले की शरीरातून रस्ता मिळतो.

डबी लावायची जागा मिक्सरजवळ. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात स्टेजवरून मागच्या मिक्सरपर्यंत लांब केबल जाते, तिथे डबी मिक्सरच्या टोकाला ठेवा आणि तिच्यापुढची केबल आखूड, मीटरभर. अँपच्या डोक्यावर ठेवू नका, अँपचा मोठा ट्रान्सफॉर्मर आतल्या छोट्यांना हम देईल. इन आणि आउट बाजूच्या प्लगचं धातू एकमेकांना टेकू देऊ नका, नाहीतर तोडलेला लूप पुन्हा जोडला जातो. विकत घेताना दुकानातच मल्टिमीटरने इनची स्लीव्ह ते आउटची स्लीव्ह तपासा, बीप वाजता कामा नये.

सर्वांत उपयोगी जागा आमच्या मते बेस नव्हे, लॅपटॉप. ट्रॅकवर चालणाऱ्या ऑर्केस्ट्रात डावा-उजवा मिळून दोन चॅनेल लागतात आणि डबीत नेमके दोनच आहेत. साडेतीन मिलिमीटरच्या स्टिरिओ प्लगमधून दोन मोनो जॅक, ते डबीत, तिथून मिक्सरच्या दोन लाइन इनपुटमध्ये. दोन पिनच्या चार्जरमुळे लॅपटॉपच्या धातूवर जो मुंग्यांसारखा करंट जाणवतो त्याची किरकिरही इथे बरीच अडते.

आता उणिवा. पॅसिव्ह बेस (आत सेलवरचं प्रीअँप नसलेला) सरळ डबीत लावून पुढे अँपला नेऊ नका. पिकअपला पुढे पाच लाख ते दहा लाख ओहमचा इनपुट लागतो. लाइन लेव्हलचा (मिक्सर, लॅपटॉपच्या तगड्या सिग्नलसाठीचा) ट्रान्सफॉर्मर त्याला फारच जड पडतो, त्यामुळे वरचा आवाज मरतो आणि पातळीही पडते. अॅक्टिव्ह बेस किंवा प्रीअँपनंतर चालेल. अँपच्या मागच्या इफेक्ट लूपच्या सेंड-रिटर्नमध्ये सिग्नल लाइन पातळीचा असेल तर तिथेही चालेल. स्पीकर आउट चुकूनही जोडू नका, जळेल.

दुसरी उणीव खालच्या सुरांची. छोट्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा कमी फ्रिक्वेन्सीला लवकर भरतो. मोकळी ई ४१ हर्ट्झची, पाच तारांच्या बेसवरची बी ३१ ची. पातळी चढवली तर आधी हेच सूर फाटतात. मोकळी ई जोरात वाजवून डबीसकट आणि डबीशिवाय ऐका. फरक जाणवला तर डबीत जाणारी पातळी कमी करा आणि मिक्सरच्या गेनवर भरून काढा.

इक्वलायझरवर ५० आणि १०० ची पट्टी खाली ओढून हम लपवणारे खूप आहेत. बेसला ते महागात पडतं. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा आणि मोकळी जी तार ९८ ची, म्हणजे हमबरोबर तेच सूर कापले जातात. उलट याचा उपयोग कानाला करून घ्या: मोकळी जी धरून ठेवली आणि सेकंदाला दोन वेळा थरथर आली, तर शंभरचा हम अजून आहे.

फक्त बेससाठी काही घ्यायचं असेल आणि अँपला लिफ्टचं बटण नसेल, तर एचडी ४०० ऐवजी ग्राउंड लिफ्ट असलेला चांगल्या ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (वाद्य सरळ मिक्सरला जोडायची डबी) बघा. तो बेसच्या इनपुटसाठीच बनलेला असतो आणि मिक्सरला एक्सएलआरने जातो. पॅसिव्ह बेसला अॅक्टिव्ह डीआय जास्त मानवतो, फक्त त्याला मिक्सरचा फँटम (केबलमधूनच जाणारी वीज) किंवा सेल लागतो. लॅपटॉपचा ट्रॅक वाजवायचा असेल तर मात्र एचडी ४०० घ्या, सोबत दोन आखूड मोनो केबल घ्यायला विसरू नका.