अ‍ॅमेझॉन असोसिएट्स: फोंड्यातून मराठी परीक्षणांची वेबसाइट चालवताना

वस्तूंची परीक्षणं लिहून चार पैसे मिळवायचे ठरवलं की आपल्याकडे बहुतेकांचा पहिला अर्ज अ‍ॅमेझॉन असोसिएट्सकडे जातो. आपल्या लेखातल्या लिंकवरून कोणी खरेदी केली की आपल्याला कमिशन देणारी ही त्या कंपनीची योजना. माझाही अर्ज तिथेच गेला. गोव्यात फोंड्याला घरगुती उपकरणांच्या दुकानात काउंटरवर बरीच वर्षं काढल्यावर मी मिक्सर, पंखे, इन्व्हर्टर, पाण्याचे फिल्टर यांवर मराठीत लिहायला लागले. तेव्हापासून ओळखीचे लोक विचारतात, यात खरंच काही सुटतं का? सुटतं, पण उशिरा आणि थोडं. पाचपैकी साडेतीन गुण देईन.

नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. वेबसाइटची आणि स्वतःची माहिती भरली की लिंक बनवायला लगेच मिळतात, पण हा प्रवेश कच्चा असतो. १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. स्वतःच्या लिंकवरून स्वतः केलेली खरेदी त्यात धरत नाहीत, त्यामुळे घरच्या घरी आकडा जमवायचा विचार नको. आधी मनासारखे लेख लिहून घ्या, वाचक येऊ द्या आणि मगच अर्ज करा. घाईत अर्ज करून रिकाम्या वेबसाइटवर सहा महिने घालवण्यात अर्थ नाही.

कमिशनचा दर वस्तूच्या वर्गाप्रमाणे ठरतो आणि कंपनी तो अधूनमधून बदलते. मोबाइलवर अगदी किरकोळ मिळतं, स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर त्याहून बरं. समजा दर पाच टक्के धरला, तर तीन हजारांच्या मिक्सरवर दीडशे रुपये. म्हणजे तपासायला विकत घेतलेला एक मिक्सर वसूल व्हायला माझ्या लिंकवरून वीस मिक्सर जायला हवेत. या धंद्यात उतरणाऱ्याने हे गणित कागदावर मांडावं. वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस फुकट आहे, वेबसाइटच्या डॉट इन नावाला वर्षाला हजाराच्या आसपास जातात, होस्टिंगचा म्हणजे वेबसाइट ठेवायच्या सर्व्हरवरच्या जागेचा खर्च वेगळा, पण खरा पैसा खातात त्या वस्तू.

वस्तू तपासून निकाल छापणारी अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था १९३६ पासून आहे. ती तपासणीच्या वस्तू सामान्य गिऱ्हाइकासारख्या दुकानातून विकत घेते आणि जाहिराती घेत नाही. तिला वर्गणीदार पोसतात. वायरकटर ही परीक्षणांची अमेरिकी वेबसाइट २०११ मध्ये लिंकांच्या कमिशनवर उभी राहिली आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ती सुमारे ३ कोटी डॉलरना घेतली. म्हणजे या मार्गाने मोठं होता येतं, पण इंग्रजी वाचणाऱ्या अख्ख्या जगाच्या जोरावर. गोव्यातल्या मराठी वाचकाच्या जोरावर तो हिशेब तसाच्या तसा बसत नाही, आणि हे सुरुवातीलाच मान्य केलं तर पुढे निराशा होत नाही.

मला सगळ्यात खटकते ती मुदत. वाचकाने लिंकवर टिचकी मारली की २४ तासांत त्याने जे काही घेतलं त्याचं कमिशन मिळतं. मिक्सर बघायला गेला आणि डबे घेऊन आला तरी मिळतं, ही चांगली बाजू. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकली तर साधारण ९० दिवसांपर्यंत ती धरली जाते. पण आमच्या घरांमध्ये मिक्सर एका दिवसात ठरत नाही. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी वहिनी बघते, वास्कोच्या नणंदेला फोटो पाठवते, सावंतवाडीच्या मावशीला विचारते, भाऊ म्हणतो पगार होऊ दे. आठवड्याने कोणीतरी दुसऱ्याच फोनवरून मागवतं. लेख वाचला माझा, निर्णय झाला त्याच्यामुळे, आणि हिशेबात मी कुठेच नाही. कितीतरी जण लेख वाचून म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या दुकानातच जाऊन घेतात. तिथे माल डोळ्यांसमोर असतो, बिघडला तर त्याच माणसाला धरता येतं. मी स्वतः काउंटरवर होते, त्यामुळे त्यांना चुकीचं म्हणवत नाही. अशा वाचकालाही मी तेवढंच मनापासून उत्तर देते.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. कमिशन टक्क्यांत असतं, म्हणून महाग वस्तू सुचवली की जास्त मिळतं. दुकानातही हेच चालतं. अमुक ब्रँड खपवला की विकणाऱ्याला वर पैसे, आणि मग गिऱ्हाइकाच्या चौघांच्या कुटुंबाला लागतो त्यापेक्षा मोठा मिक्सर गळ्यात पडतो. वेबसाइट काढताना मी एकच नियम केला. वस्तूचा निकाल आधी वहीत लिहायचा, कमिशनचा तक्ता नंतर उघडायचा. एका विक्रेत्याने पाच तारे देण्याबद्दल पैसे देऊ केले होते. त्याला नकार कळवला आणि त्याच्या मालावर लिहिणंच सोडून दिलं.

लिंक देणारे हजारो आहेत. वाचक माझ्याकडे येतो तो मी वस्तू कशी तपासते त्यासाठी. मिक्सरचंच बघा. कंपनी ७५० वॅट सांगते, पण गोव्याच्या घरात प्रश्न एकच, हुमणाचं (माशांच्या कढीचं) वाटप, म्हणजे वाटलेला मसाला, कसं होतं? एका नारळाची सोय (खवलेलं खोबरं), भिजवलेल्या सुक्या मिरच्या, धने, हळद, चिंच, आणि पाणी अगदी बेताचं. भांडं बंद करून फिरवलं की पहिल्या मिनिटात कळतं, खोबरं पात्याखाली येतं की कडेला चिकटून बसतं. दर वेळी झाकण उघडून चमच्याने खाली ढकलावं लागत असेल तर मी तसं लिहिते. मग दोन बोटांत वाटप चोळून बघायचं. रवाळ लागलं तर रस्सा फाटल्यासारखा दिसतो, आणि रगड्यावर वाटलेलं ज्याने खाल्लं आहे त्याला ते लगेच समजतं. शेवटी भांड्याच्या बुडाला हात लावून ते किती तापलं ते पाहते आणि भांडं उचलून खाली पाण्याचा थेंब आहे का ते बघते. तिथली गळती म्हणजे काही महिन्यांत बिघाड. जास्त भार पडल्यावर खालचं लाल बटण किती वेळा उडालं तेही वहीत जातं.

प्रत्येक मिक्सर विकत घेणं मला परवडत नाही. वापरून परत पाठवायचा मार्ग मला पटत नाही. म्हणून कोणाकडे नवीन मिक्सर आला की मी नारळ घेऊन त्यांच्या घरी जाते. पंख्याचं, शेगडीचं तसं नाही, त्यांना वेळ द्यावा लागतो. मांद्र्याला समुद्राजवळ माझ्या बहिणीचं घर आहे. तिथे शेगडीच्या लोखंडी स्टँडला एका पावसाळ्यात गंज धरतो, तीच शेगडी फोंड्यात कितीतरी टिकते. देशभरासाठी लिहिणाऱ्या कुठल्या वेबसाइटवर हा फरक मला सापडला नाही. वाळपईच्या एका वाचक बाईंनी विचारलं होतं, ‘‘ताई, मशीन चांगलं आहे हो, पण बिघडलं तर घेऊन जाऊ कुठे?’’ तेव्हापासून प्रत्येक लेखात मी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर गोव्यात कुठे आहे आणि काणकोण-सत्तरीला माणूस घरी येतो का, ते फोन करून विचारते आणि लिहिते. २०२१ पासून गूगलही परीक्षणांमध्ये वस्तू खरोखर हाताळल्याच्या खुणा शोधतं, म्हणून माझ्याच स्वयंपाकघरातले फोटो घालते, कंपनीचे नाही.

कायद्याचं टाळू नका. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जाहिराती आणि शिफारशींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. विक्रेत्याशी आर्थिक संबंध असेल तर तो वाचकाला स्पष्ट सांगावा लागतो. दिशाभूल झाली तर शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा झाली तर ५० लाखांपर्यंत. अ‍ॅमेझॉनचीही तशीच अट आहे. माझ्याकडे ही ओळ लेखाच्या डोक्यावर, साध्या मराठीत आणि बाकी मजकुराएवढ्याच अक्षरात असते: या लिंकवरून तुम्ही खरेदी केलीत तर मला कमिशन मिळतं. ती वाचून कोणी निघून गेलं असं मला वाटत नाही. उलट प्रश्न विचारायला लोक मोकळे झाले. वाचकांचे अनुभवही छापायचे असतील तर भारतीय मानक ब्युरोचं ऑनलाइन परीक्षणांसाठीचं मानक, आयएस १९०००:२०२२, वाचून ठेवा. २०२२ मध्ये ते ऐच्छिक म्हणून आलं, पण अनुभव खरा आहे हे कसं पडताळायचं याची चांगली दिशा त्यात मिळते. अ‍ॅमेझॉनवरची गिऱ्हाइकांची मतं उचलून आपल्या लेखात टाकणं नियमात बसत नाही, आणि किंमतही हाताने लिहून ठेवू नये. ती बदलते आणि वाचक फसतो.

पैसे नियमित येतात, यासाठी मी पूर्ण गुण देते. मात्र महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी, आणि बँकेत जमा व्हायला किमान हजार रुपये साठावे लागतात. परत गेलेल्या मालाचं कमिशन वजा होतं. कर कापला गेला तर तो आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक नोंदीत दिसतो, विवरणपत्र भरताना त्याचा हिशेब लावून घ्या. गोव्यात उपकरणांची खरेदी चवथीच्या आधी होते, म्हणून लेख जूनपर्यंत तयार हवेत. एका वर्षी ऐन चवथीच्या आठवड्यात माझ्या होस्टिंगवाल्यांचा सर्व्हर बंद पडला आणि तक्रारीला फक्त चॅटची खिडकी होती. आता मी वेबसाइटची रोजची नक्कल आपोआप दुसरीकडे ठेवते आणि फोन उचलणारी कंपनी बघूनच पैसे भरते. सप्टेंबरच्या विक्रीचे पैसे नोव्हेंबरच्या अखेरीस हातात येतात, तेव्हा होस्टिंगचं नूतनीकरण डिसेंबरात पडेल असं बघून घ्या. पहिल्या वर्षी तरी ते पैसे घरखर्चात धरू नका.